फायबरवरची फुंकर

आमच्या पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात एक शिस्त होती. घासलेल्या मूर्तीला बोट लावायचं नाही, फडकं तर मुळीच नाही. बोटाचा घाम लागला की तिथे रंग धरत नाही. भुकटी उडवायची ती तोंडाने फुंकूनच. माझे यजमान डोळ्यांची आखणी करायचे. रंग कुणीही द्यावा, पण मूर्तीला नजर द्यावी ती त्यांनीच, असं आमच्या आळीत सगळे म्हणायचे. मूर्तीच्या नाकाला नाक भिडवून बसायचे, हलकेच फुंकायचे आणि एका श्वासात पापणीची रेघ ओढायचे. त्या फुंकरीचा केवढा तोरा! घरी चहावरही तशीच फुंकर. मी म्हणायचे, "अहो, कपाला डोळे नाय काढायचेत."

गणपती गेले की कारखाना ओस पडतो. अशाच रिकाम्या दिवसांत अष्टमी गावचा एक लॉजवाला आला. नागोठण्याला कंपनी उभी राहत होती तेव्हा बाहेरच्या कुणा साहेबाने मोटारीमागे जोडून न्यायचं एक चाकांचं घर आणलं होतं. पलंग, शेगडी, मोरी, सगळं आत. साहेब गेला, घर राहिलं. ते याने घेतलं होतं, नदीकाठी उभं करून पाहुण्यांना द्यायला. पण उन्हापावसात त्याचे फायबरचे भाग पार उतरले होते. पुढचं गोल नाक, चाकांवरच्या कमानी, छपराची झाकणं. हात फिरवला की तळवा पांढरा व्हायचा, आणि जागोजागी फायबरच्या आतले काचेचे तंतू केसांसारखे वर आले होते. ते सगळं सोडवून त्याने टेम्पोतून आमच्या अंगणात आणून टाकलं.

"मुंबईला कारागीर हायत, पण मला पेणचा हात पायजे," तो म्हणाला. झालं, हे चढले हरभऱ्याच्या झाडावर!

पाणी मारून घासा, कोरडं घासू नका, असं तो जाताना दोनदा सांगून गेला. त्याची पाठ वळल्यावर हे हसले. "पाण्यानं कधी फिनिशिंग येतं काय गो?"

त्यांचं तरी काय चुकलं? आमचा जन्म प्लॅस्टरमध्ये गेलेला. पाणी लागलं की आमचा माल मऊ पडतो, वाया जातो. घासायच्या जागी आम्ही पाण्याचा तांब्याही ठेवत नसू.

तेव्हा घासणं झालं ते कोरडंच. पॉलिश पेपर फिरवायचा, तोंड जवळ न्यायचं, फुंकायचं. प्लॅस्टरची भुकटी उडते आणि खाली बसते. ही काच होती. कमानीच्या खोलगट भागात फुंकर मारली की ती उलटून थेट तोंडावर यायची. संध्याकाळी अंगाला खाज, डोळे लालबुंद. मी बोलले की उत्तर तयार, "प्लॅस्टर काय कमी गेलंय डोळ्यांत?"

उजवा डोळा चोळून चोळून सुजला. मग गुलाबपाणी घातलं. दवाखान्यात चला म्हणून मी भांडले, रडले, जेवण टाकलं. "भेगा भरून होऊं दे," मग "रंग होऊं दे," मग "पॉलिश होऊं दे." काम मात्र असं झालं की बघत राहावं. लॉजवाल्याने कमानीत तोंड बघून केस विंचरले.

अलिबागच्या डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा डोळ्यात फूल पडलं होतं. काचेचा ओरखडा, तो चिघळला, आता नजर परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वडखळच्या नाक्यावर बस बदलताना हे म्हणाले, "एक हाय ना! आखणीला एक बस्स झाला." आखणी गेली तर या माणसाचं काय उरणार, ही एकच भीती मला होती.

हंगामाची पहिली मूर्ती समोर ठेवली. सगळे काम थांबवून बघत होते. हे नेहमीसारखे नाक भिडवून बसले, फुंकले, श्वास रोखून कुंचला उचलला आणि रेघ ओढली. मूर्तीवर काहीच उमटलं नाही. कुंचला तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता, हवेतच फिरला होता; एका डोळ्याला अंतर कळत नव्हतं. दुसऱ्या खेपेला तो जोरात टेकला आणि बुबुळाच्या जागी काळा डाग पसरला. त्यांनी कुंचला धुतला, पुसला, जागेवर ठेवला. त्या वर्षी आखणीला दुसरा माणूस बोलावला. मला लॉजवाल्याचा राग आला, त्या न पाहिलेल्या साहेबाचा आला, आणि खरं सांगायचं तर यांचाही आला. तो अजून गेलेला नाही.

पुढे एका लग्नाला अष्टमीला गेलो. लॉजच्या मागे ते चाकांचं घर उभं होतं. पाहुणे कधी आलेच नाहीत म्हणे. आत सिमेंटच्या गोणी भरलेल्या. फायबर मात्र धुळीखालूनही चकाकत होतं. हे जवळ गेले, कमानीपाशी वाकले. धूळ दिसली तसे त्यांचे गाल फुगले.

मी धावत जाऊन मागून त्यांचा डावा डोळा तळव्याने गच्च झाकला.

"अगो, मला कायच दिसत नाय," ते म्हणाले.

"नको दिसूं दे," मी म्हटलं. हात मी काढला नाही.