तुकाबाईचं टाकं

मुळशी खोऱ्याच्या वरच्या अंगाला म्हसू धनगराचं घर होतं, आणि घरामागं कातळात खोदलेलं टाकं. म्हसूच्या बापानं ते छिन्नीनं खोदलेलं. त्याच्या पाझरावर माणसं न् शेरडं उन्हाळा काढत. माळावर दुसरं पाणी नव्हतं. टाकं गेलं की घर उठलं, हे म्हसूची बायको तुकाबाई नांदायला आली तेव्हापासून जाणून होती.

सासूनं तिला एक रीत लावून दिली होती. सकाळची पहिली घागर बाहेरच्या दगडी डोणीत ओतायची, रानातल्या मुक्या जिवांसाठी. वाघजाई देवीची लेकरं ती. तुकाबाईनं कधी चुकवलं नाही.

मग खाली नदीवर धरणाचं काम निघालं. सुरुंगांना भिऊन नदीवर उतरणारी जनावरं वर सरकली. रानडुकरांनी डोणी चाटूनपुसून घेतली आणि टाक्यात उतरून लोळली. पाण्याला घाण वास सुटला. म्हसूनं टाक्यात उतरायला खोदलेल्या उतरणीवर दगड रचले, भोवती करवंदीच्या काट्या लावल्या आणि बायकोला बजावलं, "डोणी भरायची न्हाई आता. तूच बोलावतीस त्यास्नी."

"तहानलेल्याला हाकलू कसं?"

"मग आपली शेरडं मरू देत."

तिनं डोणी कोरडी ठेवली. देवीपुढं दिवा लावताना मान मात्र वर होईना.

वैशाखात एका सकाळी टाक्यात भेकर तरंगत होतं. तहानेनं काट्यांवरून उडी घेतलेली. उतरण बुजवल्यामुळं वर येता आलं नव्हतं. पोट टम्म फुगलेलं. म्हसूनं पाणी उकळून पिण्याची गोष्ट काढली, पण ती अर्ध्यातच सोडली. जीव गेलेलं पाणी तळापर्यंत उपसल्याबिगर ओठाला लावायचं नाही, ही रीत त्यालाही मोडवेना. दोघांनी दिवसभर उपसलं, तळ घासला, हळदकुंकू वाहिलं आणि पाझराची वाट बघत बसली.

पाझर आला तो दोऱ्याएवढा. पुढं तोही थांबला. शेरडं कोरड्या डोणीत तोंड घालून ओरडत. शेळ्यांच्या दोन पाठी मेल्या, तेव्हा लवळ्याला म्हसूच्या भावाकडं जायचं ठरलं.

निघताना तुकाबाई मागं वळली आणि काट्या ओढायला लागली. मग उतरणीवरचे दगडही बाजूला केले. हात रक्ताळले.

"आता कशापायी?" म्हसूनं विचारलं.

"कुणी आत पडलं तर वर येईल."

टाक्यात पाणी नव्हतंच. म्हसूनं शेरडं पुढं हाकली.