पानांचे फोटो काढणारे आमचे भावोजी

आमचे भावोजी तेइजी म्हणजे मोठे फोटोग्राफर. असं ते स्वतःच सांगतात. उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शिक्के मारले, निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि एका वर्षी आमच्या पेठेच्या कॅलेंडरात नोव्हेंबरच्या पानावर त्यांचा मेपलचा फोटो लागला. झालं! गृहस्थांना शिंगं फुटली.

तेव्हापासून पानं रंगायला लागली की हे खिसेच खिसे असलेलं जाकीट चढवून देवळाच्या बागेत स्टँड रोवणार. "निसर्ग जसा आहे तसा टिपावा, ताई," असं मला ऐकवणार, आणि पुजाऱ्यांची पाठ वळली की डब्यातून आणलेली लाल पानं शेवाळावर मांडून वर पिचकारीने दव शिंपडणार. दव म्हणे!

माणूस मात्र फोटोत चालायचा नाही. शांतता बिघडते ना! मग येणारी-जाणारी माणसं अडवायची कोणी? माझ्या धाकट्या बहिणीने, सुमिएने. ती बिचारी लाल कमानीखाली कमरेत वाकून उभी. "माफ करा हं, जरा थांबता का? आमच्या ह्यांचा फोटो चाललाय." एकदा तर नवरीला थांबवलंन. मला लाज वाटली. हिला नाही, कारण हिला नवऱ्याचं कौतुक.

गेल्या उन्हाळ्यात सुमिएच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ती रडलीबिडली नाही, फक्त म्हणाली, "ताई, मी गेल्यावर समोर ठेवायला माझा एक फोटो हवा गं. लोक उदबत्ती कशापुढे लावणार?"

घर अल्बमांनी भरलेलं. आम्ही दोघी बसून शोधत होतो. मेपल, तळं, कंदील, पुन्हा मेपल. एका फोटोच्या कोपऱ्यात हिची छत्री सापडली, तीही कापायची राहून गेलेली.

"अगं, नवरा कशाला आहे तुझा? सांग त्याला."

तिने सांगितलं. भावोजी म्हणाले, "पानं रंगू देत, कमानीपाशी काढू." पानं रंगली. मग म्हणाले ऊन फार कडक आहे, मग म्हणाले ढग आहेत. माझं डोकंच फिरलं. "भावोजी, मरण काय ढग जायची वाट बघत बसणारे?" असं तोंडावर विचारलं. ते आकाशाकडे बघत राहिले.

शेवटी एका सकाळी ती जांभळा किमोनो नेसली, केस नीट बांधले आणि त्यांच्यामागून देवळात गेली. धरायला मी होते. त्यांनी स्टँड लावला, डोळा कॅमेऱ्याला चिकटवला. सुमिए हळूहळू जाऊन मेपलखाली उभी राहिली, हात पुढे जोडून.

"सुमिए, बाजूला हो," भावोजी म्हणाले. डोळाही वर उचलला नाही. "उजेड जाईल."

आणि ही बावळट "माफ करा" म्हणून बाजूला झाली! वर कमानीपाशी जाऊन एका म्हाताऱ्या जोडप्याला थांबवून धरलं.

मी तिला हाताला धरून थेट स्टेशनसमोरच्या स्टुडिओत नेलं. शाळेच्या अर्जांचे फोटो काढतात तिथे. ती स्टुलावर बसली आणि तिने वळून मागच्या कोऱ्या पडद्याकडे बघितलं.

"माझ्यामुळे काही झाकलं जात नाहीये ना?"

स्टुडिओवाला हसला. "आजी, मागे काहीच नाहीये." तेव्हा कुठे तीही हसली, आणि त्याने नेमका तोच फोटो काढला.

डिसेंबरात ती गेली. पांढऱ्या शेवंतीच्या फुलांमध्ये तो फोटो ठेवला. माणसं रांगेने येऊन उदबत्ती लावत होती. भावोजी फोटोसमोर जाऊन उभे राहिले, चष्मा चढवून पुढे वाकले. मला वाटलं, आता तरी ढसाढसा रडतील.

त्यांनी खिशातून भिंग पुसायचं फडकं काढलं आणि तिच्या ओठाजवळ काचेवर घासायला लागले.

"ताई, इथे डाग पडलाय. जात नाहीये."

"तो तीळ आहे, भावोजी," मी म्हटलं. "जन्माचा."