बिननंबरची वायर

मी आजवर हजारो वायरी कापल्या असतील. त्यातली एक आठवली की अजूनही तळहाताला घाम येतो. तपकिरी रंगाची, साधी, मधोमध लाल चिंधी बांधलेली वायर होती ती.

चिंचवड स्टेशनजवळ माझं गाड्यांत म्युझिक सिस्टीम बसवायचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनवायच्या लाइनवर होतो. तिथे प्रत्येक वायरला रंग असतो, नंबर असतो, तिचं टोक कुठे जाणार हे कागदावर छापलेलं असतं. नंबर नसलेली वायर म्हणजे कचरा. कंपनी सुटली, शिफ्ट सुटल्या, ही खोड मात्र सुटली नाही. एखाद्या गाडीचा डॅशबोर्ड उघडला आणि आत कुणी केलेला जुगाड दिसला की माझं टाळकं फिरतं. गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय मला काम सुरूच करता येत नाही.

ती वायर होती माझ्या मामाच्या लाँचमधली. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. चाकणच्या पलीकडे धरण झालं, त्यात आईचं माहेर बुडालं. गाव नव्या गावठाणात वर गेलं आणि मामाने काही वर्षांनी एक जुनी लाँच विकत घेतली. शनिवार-रविवारी आमच्याकडच्या सोसायट्यांतली माणसं येतात, तो त्यांना धरणाच्या फुगवट्यात फिरवून आणतो. लाँचमध्ये आधीच्या मालकाने बसवलेला टेप होता, मागच्या बाकाच्या दोन्ही बाजूंना स्पीकर होते. त्या सगळ्याने मान टाकली, तेव्हा मामाचा फोन आला.

"भाच्या, गानं नुसतं घरघरतंय बघ. आन् औंदा तुझी आय येनार हाय वटीला. तिचा आवाज काठावरच्यांनाबी ऐकू गेला पायजे."

ही ओटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. गाव हललं तशी देवीची मूर्तीही वर नेली, नवं देऊळ बांधलं. पण गावातल्या म्हाताऱ्या बायकांना ते हलवणं कधी पटलंच नाही. देवी जुन्या जागीच आहे, वर नुसता दगड गेलाय, असं त्या सरळ म्हणतात. म्हणून नवरात्र झालं की दरसाल एका सकाळी जुन्या देवळाच्या जागेवर, पाण्यावरच, लाँच उभी करायची आणि खण-नारळाची ओटी पाण्यात सोडायची. मग देवीचं गाणं म्हणायचं. ते लांबलचक आहे, आणि एकदा सुरू केलं की मध्येच मोडायचं नाही. अख्खं गाणं येणारी आता एकटी माझी आई उरली होती, आणि गुडघ्यांमुळे तीही पाच वर्षं गेली नव्हती. काठावर तिच्यासारख्याच, लाँचमध्ये चढता न येणाऱ्या आठ-दहा जणी बसायच्या. आवाज पोहोचायला हवा होता तो त्यांना.

गुरुवारी मी सामान घेऊन गेलो. टेप उघडला तर आत तांब्याची टोकं हिरवी पडलेली. एका स्पीकरचा कागद हात लावताच गळून आला. घरघरीचं कारणही सापडलं. स्पीकरची वायर इंजिनाच्या डायनामोला चिकटून नेलेली होती, त्यामुळे इंजिन जितकं जोरात तितकी घरघर जोरात. मी सगळं उपसून काढलं. पाणी सोसणारे नवे स्पीकर लावले, नवा टेप, माइकची सोय केली आणि मागच्या बाकाखाली ॲम्प्लिफायर बसवला. मामा मध्येच डोकावून म्हणाला, "मिस्त्रीला फोन करून इचार काय लागलं तर. इंजनाचं समदं त्येनंच केलंय." हा मिस्त्री चाकणचा, डिझेल इंजिनात हयात गेलेला मुसलमान गृहस्थ. तालुक्यातले निम्मे ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून गेलेत. मी म्हटलं, "गाण्याच्या वायरी मिस्त्रीला काय विचारायच्या, मामा?"

मग बाकाखाली ती तपकिरी वायर दिसली. बॅटरीवरून निघालेली, मेन स्विचला वळसा घालून थेट फळ्यांखाली गेलेली, नंबर नाही, काही नाही, वर लाल चिंधी. कारमध्ये अशी वायर म्हणजे हमखास कुणाचा तरी जुगाड. मला नेमकी अशीच वायर हवी होती, कारण नव्या टेपला स्विच बंद असतानाही वीज देणारी एक तार लागते, नाहीतर तो सुरूच होत नाही. आयती मिळाली. मी ती कापली, बॅटरीकडचं टोक टेपला दिलं, दुसरं टोक फळीखाली सारलं आणि चिंधी सोडून पाण्यात फेकली. काम कसं स्वच्छ दिसत होतं. स्वतःवरच खूश होऊन मी दोन फोटोही काढले.

ती वायर पंपाची होती. लाँचचा पाण्याखालचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, तो दांडा बुडातून बाहेर जातो आणि त्याच्या तोंडाशी थेंब थेंब पाणी आत येतच राहतं. ते साचलं की तळातला पंप आपोआप चालू होऊन बाहेर फेकतो. लाँच बंद असताना, मेन स्विच बंद असतानाही तो चालला पाहिजे, म्हणून मिस्त्रीने वायर थेट बॅटरीवर घेतली होती आणि कुणी कापू नये म्हणून चिंधी बांधली होती. हे सगळं मला रविवारी कळलं. गुरुवार संध्याकाळपासून रविवार सकाळपर्यंत लाँच तशीच उभी होती.

रविवारी मामाने लाँच सजवली होती. तळाच्या फळ्यांवर नवी हिरवी चटई अंथरली होती, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. बारा माणसांची लाँच, चढली सोळा. लाइफ जॅकेटं पुढे रचून ठेवलेली. "आमची देवी हाय की खाली," म्हणत एकीनेही घातलं नाही. आईला दोघांनी धरून आत उतरवलं, मागच्या बाकावर, माझ्या ॲम्प्लिफायरच्या बरोबर वर. माइक हातात देताना तिने विचारलं, "समदं नीट केलंस नव्हं?"

"सगळं नीट केलंय गं. तू नुसतं गा," मी म्हणालो. जरा तुसडेपणानेच म्हणालो.

देवळाच्या जागी पोहोचायला वीस मिनिटं लागतात. दोन डोंगरांच्या खुणा जुळल्या की मामा इंजिन हळू करतो. ओटी सोडली. नारळ तरंगत राहिला आणि आईने गाणं सुरू केलं. पाच वर्षांत तिचा आवाज बारीक झालाय असं मला वाटायचं, पण स्पीकरमधून तो असा काही निघाला की काठावर बसलेल्या बायकांनी हात वर केले. मला भरून आलं. आपण आईसाठी काहीतरी केलं, असं आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय. तेव्हा वाटलं.

पाचव्या-सहाव्या कडव्याला डावा स्पीकर तडतडला. मी पुढे उभा होतो. मनात म्हटलं, जोड सैल असेल. मग दोन्ही तडतडायला लागले. इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारी जुनी घरघर नव्हती ही, तळणीत पाणी पडावं तसा आवाज होता. मी बायकांच्या पायांतून वाट काढत मागे गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि बाकाखाली हात घातला. ॲम्प्लिफायर चाचपायला गेलेला हात मनगटापर्यंत पाण्यात गेला.

काही क्षण मला कळेचना. मग फळीखालून पाण्यावर तरंगत वर आलेलं तपकिरी वायरीचं टोक दिसलं, मीच कापलेलं, आणि सगळं एकदम कळलं. सोळा माणसं, त्यातल्या तेरा साठीच्या पुढच्या, एकीलाही पोहता येत नाही. खाली अख्खं गाव बुडेल एवढं पाणी. आणि बॅटरीच्या तोंडाला पाणी लागायला चार बोटं उरलेली. बॅटरी बुडाली असती तर पंपही गेला असता.

टेपची तार मी हिसकून काढली. स्पीकर गप्प झाले. आईचा आवाज एकदम लहान झाला, पण थांबला नाही. मान खाली करून तिने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली की काही नाही, वायर निघालीय. ती गात राहिली. वायरीचं वरचं प्लास्टिक मी दातांनी सोललं, दोन्ही टोकं एकमेकांवर पिळली आणि पंप चालू झाला. त्याची घुरघुर ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. चिकटपट्टी ओल्या हाताने चिकटेना, जोड सुटायला लागला, म्हणून मी पालथा पडून तो चिमटीत धरून ठेवला.

मामा इंजिन सोडून मागे आला. रागावलेला होता. "काय झालं रं? ऐन टायमाला बंद कसं पडलं तुजं यंत्र?"

"मामा, पंपाची वायर मी कापली होती," मी खालूनच हळू आवाजात सांगितलं. "आत पाणी आलंय. आता जोडलीय, पण सोडता येत नाही."

मामाने वाकून चटईचा कोपरा उचलला, पाहिलं आणि पुन्हा तसाच ठेवला. त्याच्या तोंडावरचा राग गेला आणि जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. तो वर उठला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मागं जड झालीया. तिघी-चौघी पुढं या बरं, वाईच." बायका पुढे सरकल्या. आई हलली नाही, तिचं गाणं चालू होतं.

मामा चाकाशी गेला, लाँच वळवली आणि अगदी हळू काठाकडे घेतली. जाताना वीस मिनिटं लागली होती, येताना चाळीस लागली असतील. मला दिसत होते फक्त आईचे पाय, बाकाची लोखंडी दांडी आणि माझी दोन बोटं. पाणी कमी होतंय की वाढतंय, ते बॅटरीवरच्या एका ओरखड्यावरून पाहत होतो. बराच वेळ ते जिथल्या तिथेच होतं. डोक्यावर आई एकेक कडवं म्हणत होती, बाकीच्या तिच्यामागून म्हणत होत्या, आणि मला एवढंच वाटत होतं की हे गाणं संपू नये. मग ओरखड्याखाली कोरडी रेघ दिसली. गाणं संपलं तेव्हा काठ हाकेवर आला होता.

बायका उतरल्या. त्यांना काहीच कळलं नाही. आवाज मध्येच गेला म्हणून काठावरच्या दोघी हिरमुसल्या होत्या. सगळ्या पांगल्यावर मामा माझ्याजवळ आला.

"मिस्त्रीनं चिंधी बांदली हुती तिला. ती काय नवसाची वाटली व्हय तुला?"

मी म्हणालो, "चुकलो, मामा."

"इचारायचं हुतंस रं," तो म्हणाला. "निस्तं इचारायचं हुतंस." आणि फळ्या उचलायला आत गेला.

परत येताना चाकणच्या चौकात नेहमीसारखे ट्रेलर अडकले होते. आई शेजारच्या सीटवर बसून लुगड्याचा काठ पिळत होती. तेव्हा मला दिसलं, काठ घोट्याच्या वरपर्यंत ओला होता. मी सगळं सांगून टाकायचं ठरवलंच होतं, पण आधी वेगळंच तोंडातून गेलं.

"आई, तुझे पाय कधी ओले झाले?"

"निघालो तवाच. चटईतनं वर याया लागलं हुतं."

मला वाटलं, गाणं मोडू नये म्हणून ती गप्प राहिली असणार. "गाण्यासाठी गप्प बसलीस ना? अगं, बुडालो असतो सगळे. सांगायचं नाही का?"

तिने काठ झटकला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"तूच म्हनला हुतास नव्हं, सगळं नीट केलंय म्हनून? मला वाटलं, लाँचीत तेवढं पानी आसतंच आसंल."

पुढचा ट्रेलर निघून गेला होता. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गिअर सापडत नव्हता.