अकोल्याच्या मैदानावरचा गजरा

माझं अक्षर वाकडं आहे, चुकाही होतील, माफ करा. पण मोगऱ्याचा वास आला की अकोल्याचं मैदान आठवतं. मुलगा म्हणून जन्मलेली माझी भाची मुलगी म्हणून राहायची, आणि मी विकायला नेलेल्या टोपलीतला गजरा माळून मुलींच्या शर्यतीत पळायला आली होती. एका मुलीची आई म्हणाली, "माह्या पोरीनं एवढी मेहनत केली, तिचं काय?" पंचांनी जन्माचा कागद पाहून भाचीला मुलांत उभं राहायला सांगितलं. "ठेव मावशी, आता काय्ले पाह्यजे," म्हणत तिनं गजरा माझ्या हातात दिला आणि पळालीच नाही. परतीच्या बसमध्ये त्या मुलीच्या आईनंच तो माझ्याकडून घेऊन भाचीच्या केसांत पुन्हा माळला. "हे तर घाल बाई, याले कोणाचा कागद लागते?" भाचीनं तो राहू दिला. आता आम्ही दोघी बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर गजरे विकतो. गाडीसाठी कोणी पळालं की भाचीची फुलं ओवणारी सुई थांबते.