रिकामा रेडिओ

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. वायर जोडलेली असली तर वाजतं, तुटलेली असली तर नाही — माझा विश्वास एवढ्यावरच. या ग्रुपवरचे असले विचित्र अनुभव वाचून मी चक्क हसायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय, आणि नेमकं काय घडलं ते मलाच अजून कळलेलं नाही.

वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. व्हीसीआर गेले, सीडी प्लेअर गेले, जुना डबा टीव्ही तर भंगारवालाही तोंड वाकडं करून नेतो. पंखे, मिक्सर टिकतील असं माझं मत. रेडिओ मात्र माझ्या लेखी कधीच संपला होता.

मागच्या उन्हाळ्यात हिंगणीच्या शांताबाई एक जुना रेडिओ घेऊन आल्या.

"भाऊ, याचं बटन ढिलं झालं, तेवढं बसवून दे. आमच्या बुढ्याचे डोळे गेले. दिवसभर यालेच धरून बसते."

त्या बाजारात गेल्यावर मी मागचं झाकण उघडलं. आत फक्त स्पीकर होता. बोर्डच नाही! सेलच्या पट्ट्या गंजून गळून पडलेल्या... तुटकी वायर लोंबकळत होती. तरी बटन बसवलं, नवे सेल घालून पाहिले. अर्थातच काही नाही.

त्या परत आल्यावर मी म्हणालो, "मावशी, आत मशीनच नाही. हा वाजूच शकत नाही."

"काऊन नाई वाजत? सकाळीच तं आयकून राह्यले होते."

शेजारचा टीव्ही ऐकू येत असेल, बिचाऱ्यांची समजूत झाली असेल, असं मला वाटलं. वाईटही वाटलं. म्हणून रविवारी एक नवा रेडिओ घेऊन मी स्वतः हिंगणीला गेलो.

दुपार होती. शांताबाईंचे यजमान, आजोबाच म्हणायचे, ओसरीत खाटेवर बसले होते, जुना रेडिओ मांडीवर. आणि तो वाजत होता. शेतीचा कार्यक्रम... कपाशीवरच्या अळीबद्दल कोणीतरी बोलत होतं.

मी त्यांना विचारून तो हातात घेतला, झाकण काढलं. तसाच रिकामा. सेल काढले... आवाज चालूच.

मग नवा रेडिओ लावला, त्याच स्टेशनवर. तोच माणूस, तेच वाक्य. फक्त जुना रेडिओ एक शब्द पुढे होता. तो "फवारणी" म्हणायचा, आणि मग नवा "फवारणी" म्हणायचा. मी तीन-चार मिनिटं ऐकलं. प्रत्येक वेळी तसंच.

"तुमचा मांगं रायते, भाऊ," आजोबा म्हणाले. "घेऊन जा. आन् माहा इकडं द्या, अर्धं आयकाचं राह्यलं."

मी त्यांच्या हातात दिला. नवा पिशवीत घातला आणि निघालो.

नंतर ओळखीच्या दोन इंजिनिअरना विचारलं. एक म्हणाला, जवळ टॉवर असेल. दुसरा म्हणाला, तुलाच ऊन लागलं असेल. टॉवरने आवाज येईलही एक वेळ, पण एक शब्द आधी?

मागच्या महिन्यात शांताबाईंना न राहवून फोन केला. रेडिओ वाजतो का, विचारलं.

"वाजते ना," त्या म्हणाल्या. "रेडिओच हाय न तो. तू काऊन घडीघडी इचारून राह्यला?"