परवानगी घेणारे हात

कुठल्याही वस्तूला हात घालायच्या आधी तो तिला बोटं टेकवायचा आणि ती बोटं कपाळाला लावायचा. गिटार तर झालीच, पण ऑफिसचा कीबोर्ड, माझ्या गाडीचं स्टिअरिंग, एकदा तर लॉन्ड्रीतलं वॉशिंग मशीनसुद्धा. मी चेष्टा केली की म्हणायचा, "परवानगी घ्या लागते नं भाऊ. आपली थोडीच आहे वस्तू?" तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आधी हसू येतं, मग त्याची सवय होते.

आम्ही टेक्ससमधल्या अर्विंगला एकाच कंपनीत होतो आणि एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो. तो नागपूरचा. त्याचे वडील लग्नाच्या वरातींत बेंजो वाजवायचे. नमस्काराची सवय त्यांनीच लावलेली. विसरला तर टपली बसायची. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. "बाबा म्हणतात, माझे हात वाया गेले," हे तो एकदाच बोलला, आणि मग बराच वेळ भांडी घासत राहिला.

शनिवारी संध्याकाळी तो एका बार्बेक्यूच्या हॉटेलात फुकट गिटार वाजवायचा. कंट्री गाणी. म्हणजे ट्रक, दारू आणि सोडून गेलेली बायको. यापलीकडे मला त्यातलं काही कळलं नाही. पण तो वाजवायला लागला की खाणारी माणसं हात पुसून ऐकायची. तिथेच सिनेमावाल्यांनी त्याला गाठलं. टेक्ससच्या एका दिवंगत कंट्री गायकाच्या आयुष्यावर ते सिनेमा काढत होते आणि त्यांच्या नटाला गिटार धड धरताही येत नव्हती. जवळून दिसणारे हात त्यांना याचे हवे होते.

तो हरखला. लगेच नागपूरला फोन. "बाबा, सिनेमात माझे हात दिसतील. डीव्हीडी घेऊन येतो." आमचा व्हिसा एकाच कंपनीचा, बाहेर कमाई केली तर घरी रवानगी. म्हणून त्याने पैसे नाकारले आणि नावही देऊ नका म्हणाला. त्यालाच नाव नको होतं, तर मी तरी इथे कशाला देऊ?

शूटिंगला मी त्याला घेऊन गेलो. एका बाईने त्याचे सावळे हात कोपरापर्यंत गोरे रंगवले. रंग निघेल म्हणून तो कशालाच हात लावेना, तेव्हा दुपारी मीच त्याला चटणी-पोळी भरवली. "नाक खाजव ना यार," तेही मलाच. फार हसलो आम्ही त्या दिवशी.

कॅमेरा सुरू झाला आणि पहिल्याच टेकला गोरा हात गिटारला टेकून वर गेला. कट. दुसऱ्यांदाही तेच. दिग्दर्शक समजूतदार होता, पण गिटारला नमस्कार करणारा कंट्री गायक त्याने कधी पाहिला नव्हता. शेवटी याने नमस्कार गिळला आणि अप्रतिम वाजवलं. परतताना गाडीत मात्र हातांवरचा रंग खरवडत राहिला. "परवानगी न घेता वाजवलं आज," एवढंच म्हणाला.

सिनेमा लागायच्या आधीच कंपनीने माणसं काढली. त्यात तो होता, मी नव्हतो. नोकरीबरोबर व्हिसाही गेला. तो नागपूरला पोचला आणि थोड्याच दिवसांत वडील गेले, सिनेमातले हात न बघताच.

पुढच्या हिवाळ्यात सिनेमा लागला. मी एकटाच गेलो. गिटार वाजवणारे हात बरेच दिसले, पण एकदाही त्याचे नव्हते. बोटं जाड, अनोळखी. नंतर दुसऱ्या कुणाचे तरी घेतले असणार. मी चिडून उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात तो गायक सगळं गमावून पुन्हा गिटारपाशी येतो, तो प्रसंग आला. एक हात आला, लाकडाला हलकेच टेकला आणि वर, पडद्याबाहेर गेला. बस, तेवढंच. त्याचं वाजवणं काढून टाकलं होतं आणि चूक ठेवली होती. मला रडू आवरेना.

घरी येऊन नागपूरला फोन लावला. आमचं ते शेवटचं बोलणं. पुढे तो नंबर लागेनासाच झाला.

"दिसले का हात?"

"दिसला. एकच."

"वाजवताना?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "नाही रे. नमस्कार करताना."



"मग तो बाबांचाच होता," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.