हिरव्या कूलंटमध्ये लाल

द्रौपदी गमरे एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकली. हौस म्हणून नाही, इलाजच नव्हता. नवरा हिरामण अंबरनाथच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं ड्रायव्हर होता. त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण शब्द फुटायचा नाही. बेलवलीहून उल्हासनगरला आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी न्यायचं, तर रिक्षात त्याचा तोल जायचा. त्याची जुनी पांढरी गाडी दारात उभीच होती. द्रौपदीने लायसन काढलं, पण स्टिअरिंगची भीती अजून गेली नव्हती.

एप्रिलमध्ये बॉनेटखालच्या बाटलीतला कूलंट कमी झालेला दिसला. इंजिन तापू नये म्हणून ते पाणी लागतं, एवढं तिला माहीत होतं. दुकानातून डबा आणून तिने ओतला. आतला हिरवा होता, आणलेला लाल. खुर्चीत बसलेला हिरामण जोरजोराने मान हलवू लागला, डावा हात मांडीवर आपटू लागला. त्याला लघवीला जायचं असेल असं समजून तिने घाईने झाकण लावलं आणि त्याला आत नेलं.

मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, अंबरनाथच्या गर्दीत गाडीचा तापमानाचा काटा वर सरकू लागला. मागे ट्रक, पुढे टँकर, बाजूला घ्यायला जागा नाही. इतक्यात हिरामणने डावा हात लांबवून हीटर पूर्ण चालू केला. भर उन्हाळ्यात तोंडावर गरम वारा आला. याला पुन्हा झटका येतोय की काय, असं तिला वाटलं. तिने हीटर बंद केला. त्याने पुन्हा लावला.

मग बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. आत काहीतरी खदखदत होतं. पाणी संपलं असेल, लवकर ओतायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ओढणी हाताला गुंडाळून तिने रेडिएटरचं झाकण धरलं.

हॉर्न वाजला. वाजतच राहिला.

ती धावत दाराशी आली. हिरामण आडवा होऊन ड्रायव्हरच्या सीटवर कोसळला होता आणि डाव्या हाताने हॉर्न दाबून धरला होता. डोळे विस्फारलेले.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

त्याने हॉर्न सोडला आणि तोच हात तिच्यासमोर धरला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग होता. लग्नाआधी, गाडी धुवायच्या कामावर असताना, रेडिएटरच्या उकळत्या पाण्याने तो भाजला होता.

"उघडू नको म्हणता?"

त्याने होकारार्थी मान हलवली. द्रौपदी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसली. तिथूनच तिने मेकॅनिकला फोन लावला.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला नरेंद्र मेकॅनिक तासाभराने आला आणि गाडी ओढून गॅरेजला घेऊन गेला. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच त्याने झाकण उघडलं. आत चिखलासारखा तपकिरी गाळ साचला होता. दोन जातींचे कूलंट एकमेकांत मिसळून फाटले आणि त्यांनी रेडिएटरच्या नळ्या बुजवल्या, असं त्याने सांगितलं. नुसत्या रंगावर जायचं नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तोच घालायचा. हीटर लावला ते बरं केलं, इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघाली, हेही तो म्हणाला. कुणी लावला, हे द्रौपदीने सांगितलं. नरेंद्रने वाकून हिरामणला नमस्कार केला.

पाणी नितळ येईपर्यंत त्याने चार वेळा सगळं धुतलं आणि नवा कूलंट भरला. इंजिन वाचलं होतं.

गुरुवारी ती पुन्हा निघाली. काटा जागचा हलला नाही, तरी वाटेत तिने दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा हिरामण काही न करता बसून राहिला, ती काटा नीट बघून पुन्हा गाडी चालू करेपर्यंत. दवाखान्यात उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागली.